स्पोर्ट बाईक आडवी पडली तर काय वाचवायचे आणि कशाने

नाशिकच्या एका तरुणाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चार महिन्यांपूर्वी त्यांनी यामाहा आर१५ ची व्ही४ आवृत्ती घेतली आणि एवढ्या काळात ती दोनदा आडवी झाली. पहिल्यांदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणीतरी शेजारची स्कूटर काढताना तिला धक्का दिला, आणि दुसऱ्यांदा कॉलेज रोडवर यू-टर्न घेताना वाळूवर पुढचा ब्रेक दाबला गेला. क्लच लिव्हर तुटला, डावा इंडिकेटर लोंबकळू लागला आणि डाव्या फेअरिंगवर, म्हणजे बाजूच्या प्लास्टिकच्या आवरणावर, ओरखडे आले. गॅरेजवाला लोखंडी क्रॅश गार्डचा पूर्ण पिंजरा बसवा म्हणतो, मित्र फ्रेम स्लायडर, म्हणजे इंजिनाच्या बाजूला बसवायचे प्लास्टिकचे ठोकळे, घ्यायला सांगतो, आणि त्यांच्या स्वतःच्या मनात पुढच्या वर्षी चेन्नईच्या ट्रॅकवर एक दिवस गाडी चालवून पाहण्याचे आहे. यांपैकी नेमके काय बसवले म्हणजे गाडीला काही होणार नाही, असे ते विचारतात.

गेली वीसहून अधिक वर्षे मी पुण्यात, भोसरी एमआयडीसीच्या परिसरात, दुचाकींचे वर्कशॉप चालवतो आणि पडलेल्या गाड्या उभ्या करणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो की, ‘काही होणार नाही’ असे आश्वासन देणारी कोणतीही वस्तू बाजारात मिळत नाही. गाडी पडली की तिच्यातला जोर कुठेतरी जाणारच. तो कुठे जावा, एवढेच आपल्या हातात असते. तो स्वस्त, बदलता येण्याजोग्या आणि गाडी घरापर्यंत चालवत नेण्याच्या आड न येणाऱ्या भागात गेला, तर संरक्षण चांगले म्हणायचे. तोच जोर फ्रेममध्ये किंवा इंजिन फ्रेमला जोडणाऱ्या त्याच्या कानांत गेला, तर फेअरिंगवर एकही ओरखडा नसलेली गाडी भंगारात निघू शकते. त्यामुळे तुमचा प्रश्न मी असा वाचतो: तुमची गाडी कोणत्या प्रकारे पडण्याची शक्यता जास्त आहे, आणि त्या पडण्यात जमिनीला सर्वांत आधी काय टेकावे असे तुम्हाला वाटते?

याचे उत्तर बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे. रोजचा रस्ता, पार्किंगची जागा, चालवणाऱ्याची उंची आणि सवय, घाटात जाण्याचे प्रमाण, या सगळ्याने निवड बदलते. तरी एक भेद सर्वांना लागू आहे. उभी किंवा चालण्याच्या वेगातली गाडी आडवी होणे आणि धावती गाडी घसरणे हे दोन वेगळे अपघात आहेत आणि त्यांच्या गरजा काही ठिकाणी एकमेकींच्या विरुद्ध जातात.

थोडे आकडे मांडतो. तुमच्या गाडीचे वजन साधारण १४२ किलो आहे. ती उभ्याची आडवी होते तेव्हा तिचा गुरुत्वमध्य सुमारे ३० सेंटिमीटर खाली येतो, असे धरले तर मोकळी होणारी ऊर्जा साधारण ४०० जूल भरते. तीच गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या गतीत १९,००० जूलहून अधिक ऊर्जा असते, म्हणजे सुमारे ४७ पट. हे वाचून भीती वाटेल, पण वळणावर झुकलेली गाडी घसरते तेव्हा ती आधीच जमिनीच्या जवळ असल्यामुळे तिला खाली बसणारा दणका उभ्या गाडीपेक्षाही कमी असतो. उरलेली सगळी ऊर्जा घसरण्यात, घर्षणाने, हळूहळू संपते. सुक्या डांबरावर ताशी ६० च्या वेगाने घसरलेली गाडी अदमासे ३५ मीटर जाते, आणि वाटेत कशातही अडकली नाही तर तिचे नुकसान आश्चर्य वाटावे इतके थोडे असते. अडकली की मात्र ती कोलांटी घेते, आणि मग तिच्यावर काय बसवले होते याला अर्थ उरत नाही. उभी पडणारी गाडी वाचवायची तर दणका झेलणारी, बाहेर आलेली वस्तू हवी, पण घसरणारी गाडी वाचवायची तर बाहेर आलेली वस्तू कुठे अडकू नये अशी हवी. फ्रेम स्लायडर आणि पिंजरा यांतला वाद या एका विरोधातून निघतो.

आता स्लायडरविषयी सविस्तर लिहितो, कारण तुमच्या निवडीचा खरा कस तिथेच लागणार आहे. स्लायडर म्हणजे इंजिन ज्या बोल्टने फ्रेमला धरलेले असते, त्या बोल्टच्या जागी लांब बोल्ट घालून त्यावर बसवलेला प्लास्टिकचा गोल ठोकळा. चांगला ठोकळा डेल्रिनचा म्हणजे अ‍ॅसिटलचा, किंवा अतिघन पॉलिथिलीनचा असतो. ही द्रव्ये कठीण असूनही डांबरावर घासत, झिजत पुढे जातात. साधे नायलॉनही चालते, पण ते ओलावा शोषते आणि फुगते, त्यामुळे आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात त्याचे माप तेच राहत नाही. रबरी टोप्या घातलेले स्लायडर दिसायला छान असतात, पण रबर डांबराला पकडते आणि आपल्याला नेमके तेच नको आहे. भोसरी-चिंचवडच्या लेथवर डेल्रिनचा बार वळवून स्लायडर करून देणारे चांगले कारागीर आहेत आणि मी स्वतः त्यांच्याकडून करून घेतलेले वापरतो. मात्र करून घेताना एक गोष्ट आग्रहाने सांगावी लागते. बोल्टचे डोके ठोकळ्याच्या तोंडापासून निदान १५ मिलिमीटर आत बुडालेले असले पाहिजे. ठोकळा झिजत जाऊन बोल्टचे पोलादी डोके उघडे पडले, तर ते रस्त्याच्या सांध्यात नांगरासारखे रुतते.

लांबीचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. ग्राहक दुकानात येतो आणि जास्त बाहेर आलेला स्लायडर जास्त सुरक्षित, असे समजून तो उचलतो. ठोकळ्याच्या टोकावर बसणारा जोर बोल्टला पहारीसारखा वाकवतो, आणि टोक जितके लांब तितका वाकवणारा परिणाम मोठा, म्हणजे दुप्पट लांबीला दुप्पट. तीन वर्षांपूर्वी ३०० सीसी वर्गातली एक गाडी माझ्याकडे आली होती. ती ट्रॅफिक सिग्नलला उभी असतानाच पडली होती आणि फेअरिंग निर्दोष होते. मालक त्या स्लायडरवर खूश होता आणि फक्त वाकलेला बोल्ट बदलून हवा, म्हणून आला होता. बोल्ट काढला तेव्हा इंजिनाच्या ज्या ओतीव कानात तो बसतो, त्याला केसाएवढी चीर गेलेली दिसली. एका फेअरिंगच्या पॅनेलच्या बदल्यात त्याला इंजिनाचे अर्धे केसिंग बदलावे लागले. तो स्लायडर फेअरिंगच्या बाहेर जवळजवळ चार बोटे आलेला होता आणि एकाच बोल्टवर उभा होता. तुमच्या आर१५ ची डेल्टाबॉक्स फ्रेम पोलादी आहे, त्यामुळे ती मोठ्या गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमपेक्षा थोडे अधिक सोसते. पण इंजिनाचे केसिंग अ‍ॅल्युमिनियमचेच आहे, आणि ओतीव अ‍ॅल्युमिनियम वाकत नाही, तडकते.

म्हणून माझा नियम असा आहे की, स्लायडर फेअरिंगच्या सर्वांत फुगीर भागाच्या फक्त २५ ते ३५ मिलिमीटर बाहेर असावा, आणि शक्य असेल तिथे त्याचा कंस दोन बोल्टवर बसावा, म्हणजे जोर दोन ठिकाणी वाटला जाईल. फेअरिंगला भोक पाडावे लागू नये म्हणून काही संचांत वाकडी पट्टी देऊन ठोकळा पुढे किंवा खाली सरकवलेला असतो. भोक पाडायला मन धजत नाही हे मला समजते, पण ती पट्टी स्वतःच एक तरफ बनते आणि बोल्टला पिळते. पट्टी जाड, आखूड आणि दोन ठिकाणी धरलेली असेल तरच मी ती बसवतो, नाहीतर ग्राहकाला समजावून फेअरिंगला नीट मोजून भोक पाडतो आणि त्याच्या कडेला रबरी रिंग घालतो.

बोल्टच्या दर्जाबद्दलही लोक विचारतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. यातला पहिला आकडा ताणशक्ती सांगतो, म्हणजे ८ असेल तर ८०० मेगापास्कल, आणि दुसरा सांगतो की त्या शक्तीच्या किती भागावर बोल्ट कायमचा वाकू लागेल. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला असा सरळ हिशेब इथे चालत नाही. अति कठीण बोल्ट स्वतः वाकत नाही आणि सगळा जोर केसिंगच्या कानाला देतो, तर हलका बोल्ट इंजिन धरून ठेवण्याचे त्याचे मूळ कामच करू शकत नाही. कंपनीने त्या जागी ज्या दर्जाचा बोल्ट दिला आहे, त्याच दर्जाचा लांब बोल्ट मी घेतो. बसवताना इंजिनाखाली लाकडी ठोकळा आणि जॅक देतो, एका वेळी एकाच बाजूचा बोल्ट काढतो आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला टॉर्क पान्याने आवळतो. दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदम काढले की इंजिन थोडे खाली बसते, भोके जुळत नाहीत, मग कोणीतरी हातोडीने बोल्ट ठोकतो आणि आटे खराब होतात. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर तेच बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत. हे काम रस्त्याकडेच्या दुकानात दहा मिनिटांत करून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता तुमच्या गॅरेजवाल्याने सुचवलेल्या पिंजऱ्याकडे येऊ. त्याचा सल्ला अगदीच चुकीचा आहे, असे मी म्हणणार नाही. उभ्या गाडीला आडवे होण्यापासून होणारे नुकसान नळ्यांचा पिंजरा खरोखर चांगले थोपवतो, कारण तो दोन-तीन ठिकाणी धरलेला असतो आणि दणका पसरवतो. जो माणूस नुकता शिकतो आहे आणि पहिले वर्षभर फक्त शहरातच गाडी चालवणार आहे, त्याला मी पिंजरा बसवून दिलेला आहे आणि वर्षाने काढूनही दिलेला आहे. पण चार-पाच किलोचे हे लोखंड गाडीची रुंदी वाढवते, गर्दीत दुसऱ्याच्या हँडलला अडकते, झुकण्याची मुभा कमी करते, आणि घसरताना त्याचे कोपरे दुभाजकाच्या कडेत, खड्ड्यात किंवा पुलाच्या सांध्यात रुततात. ताम्हिणीच्या किंवा कसाऱ्याच्या वळणावर पिंजऱ्याची नळी टेकून मागचे चाक उचलले गेले, तर जी घसरण ओरखड्यांवर निभावली असती ती कोलांटीत बदलते. ट्रॅकवर तर तो काढूनच जायचे, असे धरून चाला. तुम्ही घाटाचा आणि ट्रॅकचा विचार करता आहात, म्हणून तुमच्यासाठी माझे मत पिंजऱ्याच्या विरुद्ध आहे.

पैसे खर्च करण्याआधी एक साधी तपासणी घरीच करा. सहा-सात फुटांची सरळ लाकडी पट्टी घ्या, गाडी सरळ उभी धरायला एका मित्राला सांगा, आणि पट्टीचे एक टोक जमिनीवर, टायरच्या बाजूला टेकवून ती पट्टी हळूहळू गाडीकडे कलती करा. गाडी जमिनीवर पडते तेव्हा जमीन तिच्याकडे जशी येते तशीच ही पट्टी येते. ती आधी कशाला लागते ते पाहा. पुढे हँडलच्या रेषेत एकदा, मध्ये इंजिनाच्या रेषेत एकदा आणि मागे फुटरेस्टच्या रेषेत एकदा, असे तीनदा करा आणि हँडल एका बाजूला पूर्ण वळवूनही पाहा. कारण उभी गाडी पडते तेव्हा हँडल बहुधा वळलेलेच असते. पट्टी हँडलच्या टोकाला, स्लायडरला आणि फुटरेस्टला लागते आणि लिव्हर, फेअरिंग व इंजिनाचे कव्हर यांपासून थोडी का होईना दूर राहते, अशी रचना साधली की उभ्या पडझडीतले बहुतेक नुकसान टळते. दोनदा पडलेल्या तुमच्या गाडीवर तर याचा पुरावा आधीच लिहिलेला आहे. ओरखडे नीट पाहिले तर कोणता भाग किती जोराने टेकला ते कळते, म्हणून नवे पॅनेल लावण्याआधी जुन्याचे फोटो काढून ठेवा.

हँडलच्या टोकांना मी फार महत्त्व देतो, कारण थोड्या पैशात सर्वांत जास्त वाचवणारा भाग तोच आहे. टोकाला धातूचे किंचित मोठे वजन आणि त्यावर डेल्रिनची टोपी लावली, तर लिव्हर जमिनीपर्यंत पोहोचत नाही. त्याचबरोबर क्लच आणि ब्रेक लिव्हरचे क्लॅम्प हँडलवर इतकेच आवळा की हाताने पूर्ण जोर लावल्यावर ते फिरतील, पण चालवताना हलणार नाहीत. क्लॅम्पखाली नळाला गुंडाळतात तशी पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे घातली, तर पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरून बाजूला होतो. ही युक्ती डर्ट बाईकवाल्यांची आहे आणि रस्त्यावरच्या गाडीलाही तितकीच लागू पडते. ट्रॅकवर पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला बाहेरून कमान लावतात, ती मात्र पडण्यासाठी नसते. शेजारच्या गाडीचा स्पर्श होऊन ब्रेक आपोआप दाबला जाऊ नये यासाठी आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या नियमांत ती सक्तीची आहे.

इंजिनाच्या दोन्ही बाजूंची कव्हरे, म्हणजे डावीकडचे मॅग्नेट कव्हर आणि उजवीकडचे क्लच कव्हर, यांच्याविषयी मला जास्त काळजी वाटते, कारण इथले नुकसान गाडीपुरते राहत नाही. कव्हर पातळ असते आणि आत तेल असते. घसरताना ते झिजून भोक पडले, तर तेल मागच्या टायरवर आणि रस्त्यावर येते. तुम्ही गाडी उचलून पुढे निघालात की पुढच्या वळणावर पुन्हा पडता, आणि मागून येणाराही पडतो. म्हणूनच वर्ल्ड सुपरबाईकसारख्या शर्यतींत तेल असलेल्या कव्हरांवर दुसरे जाड कव्हर लावणे बंधनकारक आहे. रस्त्यासाठी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची अशी कव्हरे मिळतात, ती मूळ कव्हरावरच लांब स्क्रूने बसतात आणि स्लायडरप्रमाणे फ्रेमला काही करत नाहीत. तुमच्या मॉडेलला बेताचे बसणारे मिळाले, तर चेन्नईच्या आधी ते नक्की घ्या.

पुढच्या आणि मागच्या आसाला लावण्याचे छोटे ठोकळे उपयोगी आहेत, विशेषतः तुमच्या व्ही४ ला. तिचे पुढचे शॉकअब उलट्या प्रकारचे असल्याने चमकणारी नळी आणि कॅलिपर खाली, जमिनीजवळ असतात. मागच्या आर्मला लावलेले बॉबिन (छोटे गोल खुंट) हे पॅडॉक स्टॅण्डसाठी, म्हणजे मागचे चाक उचलून धरणाऱ्या स्टॅण्डसाठी, असतात, पडझडीत त्यांची मदत जेमतेमच होते.

फेअरिंगवर लावायच्या पारदर्शक फिल्मबद्दल दुकानदार बरेच काही सांगतात. ती चांगली असते, पण तिची जाडी साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर असते. पार्किंगमध्ये घासणारी पिशवी, जॅकेटची चेन, पुढच्या ट्रकने उडवलेली खडी, यांपासून ती रंग वाचवते. १४० किलो वजनाखाली चिरडणाऱ्या प्लास्टिकला ती वाचवत नाही, आणि सिरॅमिक कोटिंग तर मुळीच नाही. त्यापेक्षा फेअरिंगचे स्क्रू जिथे वारंवार बसतात, तिथले रबर आणि प्लास्टिकचे पुश-रिव्हेट, म्हणजे दाबून बसणाऱ्या खुंट्या, शाबूत ठेवा. ते सुटून येतात, म्हणून कान तुटत नाहीत. तुटलेच तर तुकडे फेकू नका. एबीएस प्लास्टिक तापलेल्या जाळीने सांधता येते, आणि सगळे तुकडे हातात असले तर सांधा मूळच्याइतका सरळ येतो. नवे पॅनेल ही नेहमीच गरज नसते.

आता ज्या दोन प्रसंगांनी हा प्रश्न निर्माण झाला, त्यांकडे वळतो, कारण दोन्ही प्रसंग वस्तू न बसवताही टाळता आले असते. आर१५ ला मधला स्टॅण्ड नाही, त्यामुळे पार्किंगमध्ये ती नेहमी बाजूच्या स्टॅण्डवर कललेली असते आणि उजवीकडून थोडा धक्का लागला तरी डावीकडे जाते. उतारावर गाडीचे तोंड चढाकडे करून, पहिल्या गिअरमध्ये उभी करा. स्टॅण्डखाली हातभर रुंद लाकूड नको, तळहाताएवढी पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची चकती पुरते. पावसाळ्यात कोकणातल्या भिजलेल्या मातीत आणि मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या वितळत्या डांबरात स्टॅण्ड खचून पडलेल्या गाड्या मी दरवर्षी पाहतो. सोसायटीत शक्य असेल तर गाडीच्या उजव्या बाजूला भिंत किंवा खांब येईल अशी टोकाची जागा मागून घ्या.

यू-टर्नचा प्रसंग हा स्पोर्ट बाईकच्या रचनेतूनच येतो. या गाड्यांचे हँडल फार कमी वळते, वजन पुढे असते आणि ८१५ मिलिमीटर उंचीच्या सीटवर बऱ्याच जणांचे पाय पूर्ण टेकत नाहीत. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की पुढचे शॉकअब दबते, गाडीचा तोल आतल्या बाजूला जातो आणि एका पायावर १४२ किलो पेलणे कोणालाही शक्य नसते. चालण्याच्या वेगाला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, मदतीला येत नाही. म्हणून वळताना उजवा हात ब्रेकवरून काढा, मागचा ब्रेक हलका धरून ठेवा, क्लच अर्धा सोडून गाडी ओढती ठेवा आणि नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा. मोकळ्या मैदानात तासभर हा सराव केला तर तुमचा दुसरा प्रसंग बहुधा पुन्हा घडणार नाही.

आणि पडलीच तर घाईने उचलू नका. आधी किल्ली बंद करा. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी बाजूचा स्टॅण्ड बाहेर काढा, म्हणजे उचलताना ती पलीकडे जाणार नाही. पाठ सीटकडे करा, गुडघे वाकवा, एका हाताने पूर्ण वळवलेल्या हँडलचे जवळचे टोक आणि दुसऱ्या हाताने मागची पकड धरा, आणि कंबरेने नव्हे तर पायांनी मागे चालत ती उभी करा. निघण्याआधी थ्रॉटल पिळून सोडा आणि तो झटकन परत येतो का पाहा, कारण टोकाचे वजन आत दाबले गेले की थ्रॉटलची नळी अडकते आणि हे कळते ते गाडी सुरू झाल्यावर. मग ब्रेक दाबून पाहा, गिअरचा दांडा केसिंगला घासत नाही ना आणि इंजिनाखाली थेंब नाहीत ना, ते पाहा. हँडल वाकडे वाटले तर ते वाकलेलेच असेल असे नाही. बऱ्याचदा शॉकअब क्लॅम्पमध्ये फक्त पिळलेले असतात आणि बोल्ट सैल करून सरळ होतात. पण हँडल थांबवणारा फ्रेमवरचा अडसर मोडला असेल तर ते गंभीर आहे, तो भाग कारागिराला दाखवल्याशिवाय चालवू नका.

तुमच्यासाठी क्रम लावायचा तर असा लावीन. आताच हँडलची टोके, क्लॅम्पची टेप आणि स्टॅण्डची चकती. महिनाभरात आखूड, दोन बोल्टचे स्लायडर, पट्टीने मोजून. चेन्नईच्या आधी इंजिनाची कव्हरे आणि पुढच्या आसाचे ठोकळे. पिंजरा नको. आणि हे सगळे गाडीसाठी आहे. गाडी घसरते तेव्हा तुमचा पाय तिच्याखाली असतो, त्याला बूट आणि गुडघ्याचे कवचच वाचवते, म्हणून बजेट अपुरे पडले तर स्लायडर पुढे ढकला, बूट नाही.

विम्याचा एक मुद्दा राहिला. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीने मिळतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. पाच वर्षांची पॉलिसी आहे, अशा समजुतीत असलेले ग्राहक दुसऱ्या वर्षी माझ्यासमोर कागद उघडतात तेव्हा तो भाग संपलेला असतो. तुमचा तपासा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि फेअरिंग म्हणजे जवळजवळ सगळे प्लास्टिकच, म्हणून पूर्ण फेअरिंगच्या गाडीला शून्य घसाऱ्याची जोड घेणे परवडते. मात्र लिव्हर आणि इंडिकेटरसाठी दावा करू नका. पहिले वर्ष दाव्याशिवाय गेले तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्के सूट मिळते आणि ती वर्षागणिक वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका दाव्याने ती पुन्हा शून्यावर येते. तुमच्या दोन पडझडींचा एकूण खर्च त्या सुटीशी ताडून पाहा आणि मगच ठरवा. स्लायडर बसवल्याचे विमा कंपनीला लेखी कळवून त्याची पोच जपून ठेवा.